सायकल-संस्थेचे सभासद व्हावे काय?

माझे घर काशीच्या पंचगंगा घाटावरील मंगला गौरीपाशी आहे. येथील गल्ल्यांतून सायकल हाताशी धरूनच चालावे लागते. हमरस्त्यावर भय मोटारींचे. गेल्या पावसाळ्यात एका मोटारीचा धक्का लागून गुडघा फुटला आणि दाद कोणापाशी मागावी ते कळेना. एखाद्या अखिल भारतीय संस्थेचे सभासद व्हावे, असे तेव्हा मनात आले.

दोन नावे पुढे आली. १९४६ साली स्थापन झालेले सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया शर्यतींचा कारभार पाहते. ऑडॅक्स इंडियाच्या फेऱ्या लांब पल्ल्याच्या. सर्वांत धाकटी २०० किलोमीटरांची, साडेतेरा तासांत पुरी करावयाची. कचेरीत जाणाऱ्या मजसारख्याचा तेथे काय पाड! इंग्लंडात १८७८ साली निघालेल्या सायकलस्वारांच्या संस्थेने मात्र अवघड उतारांवर धोक्याच्या पाट्या उभारल्या होत्या. वर्गणी सभासदांची, पण पाटी वाचून सावध होई तो कोणीही. अशा पाटीसाठी मी वर्गणी आनंदाने भरीन.

पत्नीपाशी हे बोललो, तर ती म्हणाली, “अहो, आधी ब्रेक बदलून घ्या.” ते बदलले. रविवारी गल्लीतील चौघा सायकलवाल्यांस चहाला बोलाविले आहे.