रात्रपाळीनंतरची सकाळ

आमची सूनबाई परिचारिका आहे. एका मोठ्या रुग्णालयांत तिची नोकरी. महिन्यांतील आठ-दहा रात्री ती तेथेंच जागून काढते. गेल्या श्रावणांत एका सकाळीं ती परत आली, ती घरांत न येतां जिन्याच्या पायरीवरच बसली. रात्रीं तिच्या वॉर्डांतील एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. त्यांचा श्वास अडखळूं लागला त्या वेळीं ती दुसऱ्या टोकाच्या खाटेपाशीं सलाईन लावीत होती. "मीच कमी पडलें, आई," एवढेंच ती पुनःपुन्हां म्हणे. त्या दिवशीं आमच्याकडे सत्यनारायण होता. मीं तिला चहा दिला, चार शब्द समजुतीचे सांगितले, आणि दहा वाजतां प्रसादाचा शिरा करण्यास तिलाच हांक मारली. आज हें लिहितांना मला लाज वाटते.

रुग्णांशीं तिचें बोलणें किती मृदु असतें, हें माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं मीं अनुभविलें आहे. तीच मुलगी त्या सकाळीं स्वतःस जें बोलत होती, तें आपण परक्याच्या मुलीसही बोलणार नाहीं.

पुढें या विषयावर मीं थोडें वाचन केलें. सेवा करतां करतां सेवकच आंतून जळून जातो, या अवस्थेविषयीं न्यूयॉर्क येथील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं लिहिलें. मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्यांत त्यांनीं ती पाहिली होती. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग नसून, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम होय, असें सांगितलें. अमेरिकेंतील क्रिस्टिन नेफ या विदुषीनें २००३ सालीं स्वतःविषयींच्या करुणेचीं तीन अंगें मांडलीं: स्वतःशीं ममतेनें वागणें, चूक व दुःख मनुष्यमात्राच्या वांट्यास येतात हें ओळखणें, आणि वेदना न दडपतां, पण तींत वाहूनही न जातां, तिच्याकडे शांतपणें पाहणें.

आपल्या घरांतील वळण निराळें. आपला दोष आपण आधीं पाहावा, हें आपण लहानपणापासून शिकतों. म्हणून कोणी विचारील कीं, स्वतःस असें गोंजारल्यानें हलगर्जीपणा नाहीं का वाढणार? ज्युलियाना ब्राइन्स व सेरेना चेन यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचें उत्तर मिळतें. शब्दज्ञानाच्या कठीण परीक्षेंत अपयश आल्यावर ज्या विद्यार्थ्यांस स्वतःवर फार कठोर होऊं नका असें सांगितलें, त्यांनीं पुढच्या परीक्षेसाठीं इतरांपेक्षां अधिक वेळ अभ्यास केला. स्वतःच्या माराचें भय नसलें म्हणजे चुकीकडे डोळे उघडून पाहतां येतें, असें मला यावरून वाटतें.

आठवड्यानें मीं सूनबाईस विचारलें, "तुझ्या मैत्रिणीच्या हातून हेंच घडलें असतें, तर तूं तिला काय म्हणाली असतीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणालें असतें, अगं, चाळीस रुग्णांस आपण दोघी जणी किती पुरणार?"

"मग तेंच स्वतःस कां म्हणत नाहींस?"

त्या दिवशीं ती प्रथम मोकळेपणानें रडली. परंतु गोष्ट रडण्यावर थांबली नाहीं. दोष सारा आपला, असें मानीत होती तोंवर ती कोणाकडे कांहीं मागतच नव्हती. आतां तिनें व तिच्या सोबतिणींनीं रात्रपाळीस तिसरी परिचारिका हवी, असा लेखी अर्ज वरिष्ठांकडे दिला आहे.

त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं, आणि तें येईपर्यंत केवळ मनाच्या समजुतीनें चाळीस खाटांचा भार हलका होणार नाहीं, हें मी जाणतें. घरापुरतें जें माझ्या हातीं होतें, तें मीं केलें. रात्रपाळीनंतर तिच्या खोलीचें दार दुपारपर्यंत कोणी वाजवावयाचें नाहीं. मग घरीं सण असो कीं पाहुणे. यंदाच्या सत्यनारायणाचा शिरा मींच केला. थोडा करपला, पण सर्वांनीं खाल्ला.