चाकाची घरघर

हुमनाबादहून कलबुर्गीला जाताना गाडीनं वेग घेतला की खालून घरघर येते. उजवीकडे वळलं की वाढते, डावीकडे वळलं की दबते. वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो; म्हणजे दुखणं डाव्या चाकाच्या बेअरिंगचं. आमच्या भागात पावसाळ्यात ओढ्याचं पाणी फरशी पुलांवरून वाहतं, काळ्या मातीचा चिखल चाकात बसतो. बेअरिंगचं सील खराब झालं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि पोलादी गोळ्या कोरड्या घासतात. मिस्त्रींनी जॅक लावून चाक वर-खाली हलवलं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागला. गाण्याचा आवाज वाढवून हे दुखणं झाकता येईल, बरं होणार नाही. बेअरिंग तापून अडकलं, तर चाकावरचा ताबाच सुटतो. याच गाडीत आई बसते, मुलं बसतात. बेअरिंग आजच बदलायचं.