तीन खाडे, एक दाढ

लातूरच्या डाळमिलमधला किंवा नांदेडकडच्या जिनिंगमधला कामगार खुर्चीत बसतो, तेव्हा उपचार त्यानं घरूनच ठरवून आणलेला असतो. ‘सायब, लई ठणकायलीय, काढूनच टाका.’ दाढ बहुधा वाचण्यासारखी असते. पण रूट कॅनल म्हणजे दोन-तीन बैठका, वर कॅपची फेरी वेगळी, आणि प्रत्येक फेरीला खाडा. दाढ काढली तर एक खाडा, वाचवली तर निदान तीन. हा हिशेब करणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. खाड्याचे पैसे माझ्या खिशातून जात नाहीत.

पुढचा हिशेब मात्र त्याला कोणी सांगितलेला नसतो. खालची दाढ गेली की शेजारची रिकाम्या जागेत कलते, वरची खाली उतरते, फटींत अन्न अडकतं आणि काही वर्षांत त्याही हलू लागतात. मग ज्वारीची भाकरी कालवणात कुस्करून खायची, आणि चाळिशीतच कवळीची चौकशी.

कीड ठणकते म्हणून माणूस येतो तरी. हिरड्यांचा आजार बराच काळ दुखतच नाही. मिलच्या धुळीत तंबाखूनं घसा ओला राहतो असं कामगार सांगतात. रात्रपाळीत झोप उडवायलाही तीच. बार खालच्या ओठाआड जिथं धरतात, नेमकी तिथली हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात. बिडीवाल्याचं आणखी अवघड: हिरडी आजारी असूनही रक्त कमी येतं, त्यामुळे संशयच येत नाही. बायकांची मशेरी. तंबाखूच्या दंतमंजनावर देशात 1992 सालीच बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारीनं गाल आखडलेली, तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत तिथं दोनही न मावणारी तरणी पोरं आजही येतात. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत औजारच पोचत नाही.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत तर्जनीचं एक पेर गेलं तर कमाईच्या क्षमतेत 9 टक्के घट धरली होती. हाड शाबूत राहून नुसतं टोक छाटलं गेलं तरी 5. दाताला तिथं टक्केवारीच नव्हती. सुतळी दातानं तोडून पुढच्या दातांना खाचा पडलेला हमाल मग कुठल्या रकान्यात बसवायचा? कामगार राज्य विम्यात दातांचे उपचार आहेत, पण ठेकेदाराच्या हातून रोज घेणाऱ्या कितीजणांकडे त्याचं कार्ड असतं? दोन्ही शहरांत दंत महाविद्यालयं आहेत, तिथं खर्चही कमी येतो. पण त्यांची वेळ आणि पहिल्या पाळीची वेळ एकच.

मिलमालकांकडे मी दाढ वाचवणाऱ्यासाठी पगारी अर्धा दिवस मागत असतो. एकानं उलट विचारलं, ‘डॉक्टर, तुम्हीच पाळी सुटल्यावर का बसत नाही?’ प्रश्न रास्त होता. आता रूट कॅनलची नावं रात्रीच्या वेळेला लिहितो, पैसे हप्त्यानं घेतो. तरी घोळ उरतोच: पहिल्या बैठकीत ठणका थांबतो, आणि दुसऱ्या बैठकीला माणूस येत नाही.