ओलं धान्य वर ठेवा

डिस्क उघडायला स्क्रू ड्रायव्हरही लागला नाही. कडेला नख घालून उचकटलं आणि झाकण निघालं. आत एक हिरवी पट्टी होती. तिच्यावर मोबाईलमध्ये घालतात तसलं नखाएवढं मेमरी कार्ड. शेजारी गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा एक तुकडा. तो कशासाठी, हे कळायला मला थोडा वेळ लागला. तो वजनासाठी होता. हातात घेतल्यावर माल भरीव वाटावा म्हणून.

डब्यावर छापलं होतं २ टीबी. कार्ड निघालं ६४ जीबीचं. म्हणजे रुपयाला तीन पैशांचा माल. ऑनलाइन फसलो, असं म्हणून मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या डिस्कवर माझी खाला होती.

२०२३ साली किल्लारीच्या भूकंपाला ३० वर्षं झाली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणेश विसर्जन आटोपून गाव नुकतंच झोपलं होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला धूळ आठवते आणि हाका आठवतात, बाकी फार काही नाही. ज्यांना आठवतं, ती माणसं आता एकेक करून निघून चालली आहेत. म्हणून त्या वर्षी मी मोबाईल घेऊन घरोघर बसलो. हिंदू, मुसलमान, लिंगायत, दलित, सगळ्यांच्या ओसरीवर. १९ जण बोलले. कुणी तासभर, कुणी त्याहून जास्त. मोबाईल भरला, तसे ते व्हिडिओ मी नव्या डिस्कवर टाकले आणि मोबाईलमधले पुसून टाकले.

खाला दखनीत बोलली होती. रडली नाही. जुन्या किल्लारीतल्या आमच्या गल्लीतली घरं तिने ओळीने सांगितली. कुणाचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, कुणाच्या अंगणात लिंब होता, कुणाच्या घरी संध्याकाळी कोण बसायला यायचं. बोटं मोडत, एकेक नाव घेत. नव्या किल्लारीत रस्ते सरळ आहेत, घरं आखून दिलेली आहेत. ती गल्ली आता जमिनीवर कुठेच नाही. ती खालाच्या तोंडी होती आणि त्या डिस्कवर होती. गेल्या रमजानमध्ये खाला गेली. चाळीसाव्यानंतर घरच्यांना तिचा आवाज ऐकवावा म्हणून मी डिस्क लावली. फाइलचं नाव दिसत होतं. आकारही दिसत होता. फाइल उघडत नव्हती.

१९ पैकी पहिले ७ व्हिडिओ शाबूत निघाले. १२ गेले. त्यांत खाला होती आणि गावातला आणखी एक म्हातारा होता, तोही आता हयात नाही.

ही लबाडी कशी चालते, ते मी नंतर समजून घेतलं. अशा डिस्कमध्ये एक छोटी नियंत्रक चिप असते. संगणक तिला विचारतो, तुझ्याकडे जागा किती? तिला खोटं उत्तर शिकवून ठेवलेलं असतं. संगणक विश्वास ठेवतो आणि फाइली पाठवत राहतो. खरी जागा संपली की पुढचा मजकूर एक तर हवेत जातो, नाही तर आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. पण फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या, खऱ्या जागेत असते. म्हणून नावं शेवटपर्यंत दिसतात. कुठलीही सूचना येत नाही. उघडायला जाल तेव्हाच कळतं.

इथे एक फरक सांगायला हवा. खऱ्या २ टीबीच्या डिस्कवरही विंडोज १.८१ टीबीच दाखवतं. ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. मापं दोन आहेत, माल तेवढाच आहे. नावाजलेल्या कंपन्यांचंही कधीकधी चुकतं. एनव्हिडियाने २०१४ साली जीटीएक्स ९७० हे ग्राफिक्स कार्ड ४ जीबी मेमरीचं म्हणून विकलं. त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा फार संथ होता, आणि हे आधी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. २०१६ मध्ये कंपनीने कार्डामागे ३० डॉलर द्यायचं मान्य करून तडजोड केली. तिथे भांडायला समोर कंपनी तरी होती. माझ्या विक्रेत्याचं ते ऑनलाइन दुकान मी शोधायला गेलो तेव्हा गायब झालं होतं.

परत करायची मुदत कधीच संपलेली होती. तरी मी तक्रार केली, कारण कायदा आपल्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. विक्रीच्या मंचाने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे भागलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. विकणारा दिल्लीचा असो की सुरतचा, खटला लातूरला चालू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. आपल्याकडे लोक हजार-दोन हजारासाठी कोण फिरणार म्हणून सोडून देतात. फसवणाऱ्याचा धंदा त्या सोडून देण्यावरच चालतो.

मी १९१५ ला फोन केला, बिल आणि उघडलेल्या डिस्कचे फोटो पाठवले. काही आठवड्यांनी पैसे खात्यात जमा झाले. मोबाईलवर मेसेज आला तेव्हा आनंद झाला नाही. डिस्कचे पैसे परत आले होते. गल्ली आली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर दोष सगळा त्या विक्रेत्यावर टाकून मला मोकळं होता येत नाही. दुकानात त्या मापाच्या डिस्कची जी किंमत सांगत होते, त्याच्या पाचव्या हिश्श्यात मला ही मिळाली होती. एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न मनात आला होता. मी तो दाबला. घेतल्यावर डिस्क तपासायची सोय होती. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सवर एफथ्री आहे. तो डिस्क काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतो. एक रात्र लावून ठेवलं असतं तर सकाळी खोटं उघडं पडलं असतं. मी लावलं नाही.

किल्लारीच्या माणसाने तरी हे विसरू नये. आमच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट रुंद होत्या. बाहेरून किल्ल्यासारख्या दिसायच्या. आत दगडाचे दोन पापुद्रे आणि मधे माती, गोटे. दोन्ही पापुद्रे बांधून धरणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर माळवदाच्या मातीचा बोजा. हादरा बसला तसे पापुद्रे सुटे झाले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. त्या भिंती बांधणाऱ्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, त्यांना तेवढंच माहीत होतं. मला मात्र माहीत होतं.

लहानपणी मदरशात मौलवीसाहेबांनी एक हदीस सांगितली होती. पैगंबर बाजारातून जात होते. धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तर बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? विकणारा म्हणाला, पाऊस लागला. त्यावर पैगंबरांचं म्हणणं असं की, मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फसवणारा आमच्यातला नाही, असंही त्यांनी सुनावलं. ही हदीस मी आजवर दुकानदारांसाठी समजत होतो. डिस्क उघडली त्या दिवशी वाटलं, ती माझ्यासाठीही आहे. कारण १९ जणांना मी एक शब्द दिला होता. कॅमेरा चालू करण्याआधी प्रत्येकाला म्हणालो होतो, तुमचा आवाज आता कुठे जात नाही. तोही जाहिरातीतलाच दावा होता आणि मी तो न तपासता केला होता.

म्हणून गेलेल्या बारांपैकी जे दहा हयात आहेत, त्यांच्या घरी पुन्हा गेलो. उघडी डिस्क सोबत नेली. सांगितलं, की तुम्ही दिलेलं मी हरवलं.

एका काकांनी लोखंडाचा तुकडा हातात धरून उलटसुलट केला आणि परत दिला. म्हणाले, "ते एकदा सांगायलाच मला तीस वर्षं लागली, बाबा. पुन्हा नाही होणार." मी आग्रह केला नाही. त्यांनी चहा पाजून पाठवलं. सहा जणांनी नंतर बघू म्हटलं. तिघं तयार झाले. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "बस. त्या टायमाला काही सांगायचं राहिलं होतं की, ते पण सांगते."

त्या बोलल्या ते आता तीन ठिकाणी ठेवलं आहे. तिन्ही डिस्क भरून, परत वाचून तपासल्या आहेत. एक लातूरला भावाकडे असते.

खालाची गल्ली मी कागदावर काढायला बसलो आहे. अम्मीला जेवढं आठवतं तेवढं ती सांगते. सतरा घरांपैकी अकरा झाली. उरलेली सहा कोरी सोडली आहेत. तिथे अंदाजाने नावं भरायची नाहीत, एवढं ठरवलं आहे.