निळी रेघ, लाल रेघ

भाचा परवा घरी आला तो हातात एक गुळगुळीत पुस्तिका घेऊनच. मुखपृष्ठावर नदी वाहत होती. निळीशार, काठाला हिरवळ, हिरवळीवर बाबागाडी. "मामा, सिंहगड रस्त्याला आहे. रिव्हर व्ह्यू!" मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मुठा इतकी निळी झालेली मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. पण बोललो नाही. कारण त्याच्यामागे माझी धाकटी बहीण उभी होती, आणि तिच्या निवृत्तीची सगळी पुंजी या 'व्ह्यू'त जायची होती. घर दुसऱ्या हातचे, इमारत दहाएक वर्षांची; पुस्तिका मात्र पहिल्या दिवसाची, एजंटाने जपून ठेवलेली. रविवारी जागा पाहायची आणि पसंत पडली तर तिथेच टोकन द्यायचे, असे ठरले. मी अट घातली ती एवढीच, की जायचे ते नदीच्या कडेकडेने.

लकडी पुलापाशी निघालो. पावसाळा नुकताच सरला होता आणि नदी एखाद्या गरीब गाईसारखी पडून होती. जवळच भिडे पूल. धरणातून पाणी सोडले की हा पूल पाण्याखाली जातो आणि पुणेकर छत्र्या घेऊन तो सोहळा पाहायला येतात. पलीकडे नारायण पेठ. तिथे आमचे बिऱ्हाड होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वाड्यातला चिखल उपसायला कित्येक दिवस लागले. भिंती धुऊन झाल्यावर वडिलांनी पाण्याच्या खुणेवरून कोळशाने एक रेघ ओढली, आणि पुढे दर दिवाळीला रंगारी आला की ते त्याच्या पाठीशी उभे राहत : "ती रेघ सोडून." आईला ती रेघ मुळीच आवडत नसे. पुढे वाडा पडला, तिथे अपार्टमेंट झाले, आणि रेघ राडारोड्याबरोबर गेली. हे सारे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, पण ते धरण फुटलं होतं. तसं रोज थोडंच फुटतं?"

खरे आहे. पण म्हात्रे पूल, राजाराम पूल मागे टाकून विठ्ठलवाडीच्या पुढे आलो, तेव्हा मी त्याला २५ जुलै २०२४ ची आठवण दिली. त्या दिवशी कुठलेही धरण फुटले नव्हते. पाऊस कोसळत होता आणि खडकवासल्यातून सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या आसपास पाणी सोडावे लागले. पानशेत, वरसगाव, टेमघर ही तिन्ही धरणे वर. त्यांच्या पाण्याला पुण्याकडे यायला दार एकच, खडकवासल्याचे. एकतानगरीच्या परिसरात लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. सैन्याला बोलवावे लागले.

पाटबंधारे खात्याने काठांना दोन रेषा आखून ठेवल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचेल ती निळी. शंभर वर्षांतून एकदाची ती लाल. निळीच्या आत घर बांधायला मनाई. निळी आणि लालच्या मधल्या पट्ट्यात बांधता येते, पण जोते उंच ठेवण्यासारख्या अटींवर. आता, पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे यंदा पूर आला की पुढे चोवीस वर्षे सुट्टी, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नव्हे. दर पावसाळ्याला पंचवीसांत एक एवढी शक्यता नव्याने उभी राहते. गृहकर्जाची मुदत वीस वर्षांची असते. हिशेब ज्याचा त्याने करावा.

जागा चौथ्या मजल्यावर होती. उजेड भरपूर, स्वयंपाकघर ऐसपैस. बहिणीने ओट्यावरून हात फिरवला तेव्हाच तिचे मन बसले हे मी ओळखले. एजंट नम्र होता. शाळा, बाजार, बस, सारे त्याने सांगितले. पाण्याविषयी एकच वाक्य : "चोवीस तास आहे."

खोटे तो काही बोलला नाही, आणि कायद्याची गंमत इथेच आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो, विकणाऱ्याने महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे. पण कोणता? जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याला साध्या सावधगिरीनेही शोधता आला नसता, असा. पूररेषा तर शहराच्या विकास आराखड्यात छापलेली. म्हणजे ती पाहण्याचे काम आपले.

खाली उतरलो. वाहनतळाच्या भिंतींचा रंग छातीपर्यंत ताजा होता, त्यावर जुना. विजेचे मीटर पार उंच नेऊन बसवले होते. रखवालदार वयस्क होता. मी विचारले, "काय दादा, चोवीस साली पाणी कुठवर आलं होतं?"

त्याने एजंटाकडे पाहिले, मग हात छातीशी नेला. "हितवर. गाड्या समद्या गेल्या. पंप गेला, लिफ्ट गेली. पेशंट होते, त्यांना जिन्यानं उचलून आणलं."

"अहो, पण तुमचा चौथा मजला!" एजंट म्हणाला.

बहिणीचे गुडघे दुखरे. ती जिन्याकडे पाहत राहिली. मग भाच्याने विचारले, "तुमच्याकडे या जागेचा झोन दाखला आहे? आणि पूररेषेचा नकाशा?" मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली.

"उद्याच आणून देतो," एजंट म्हणाला.

याला आता तीन आठवडे झाले. भाचा सध्या शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा पाहतो आहे. तिथल्या पुस्तिकेवर नदी नाही, टेकडी आहे. हिरवीगार. येत्या रविवारी तिच्या उतारावर चढून यायचे ठरले आहे.