बाबूजींच्या आधीचं गीतरामायण

गीतरामायणाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, मध्यंतरात चहाच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘छान गातोय हो मुलगा, पण बाबूजींची सर नाही.’ गाणारा पन्नाशीला टेकलेला असला तरी तो मुलगाच. बाबूजी म्हणजे सुधीर फडके २००२ साली गेले, पण या छप्पन्न गाण्यांच्या बाबतीत त्यांचा आवाज हीच मूळ प्रत, बाकी सगळ्या नकला, असं आपण कधीचंच ठरवून टाकलं आहे. माझी आई रांगेत बरोबर असली की मला धास्ती वाटते. ती मागे वळून त्या अनोळखी माणसाला सांगते, ‘अहो, बाबूजींचं तरी कुठे मूळ आहे? मूळ आम्ही ऐकलंय.’

हिशेबाने तिचं बरोबर आहे. गीतरामायण सुरू झालं आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, १ एप्रिल १९५५ रोजी. त्या शुक्रवारी रामनवमी होती. केंद्रावर सीताकांत लाड होते, गीतं ग. दि. माडगूळकरांची, चाली फडक्यांच्या, आणि आठवड्याला एक नवं गाणं असा शिरस्ता. वर्षाची बावन्न व्हायची. पण त्या साली अधिक भाद्रपद आला, पुढची रामनवमी लांबली, आणि १९ एप्रिल १९५६ पर्यंत गाणी छप्पन्न झाली. पंचांगातल्या एका जादा महिन्याने मराठीला चार गाणी जास्तीची दिली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्या मूळ प्रसारणात रामायणातल्या माणसांना वेगवेगळे गळे होते. माणिक वर्मांची सीता, ललिता फडक्यांची कौसल्या, मालती पांड्यांची अहल्या, राम फाटकांचा विश्वामित्र. वसंतराव देशपांडे होते, सुरेश हळदणकर होते, लता मंगेशकरही होत्या. फडके स्वतः रामाची गाणी गात. थोडक्यात, ते रेडिओवरचं संगीत नाटक होतं, पात्रयोजनेसकट. एकट्या फडक्यांनी सगळी गाणी गायची हा प्रकार नंतरचा, १९५८ पासूनच्या मैफलींतला आणि त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांतला. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो ती खरं तर दुसरी आवृत्ती.

आई तेव्हा शाळकरी होती, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. तिच्या घरी रेडिओ नव्हता, मालकांकडे होता. गाणं लागायच्या आधी मालकीणबाई रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. त्या धुराने पुढच्या जाळीचं कापड पिवळं पडलं म्हणून मालक कुरकुरायचे, पण हार काढायची त्यांची छाती नव्हती. पोरीबाळी ओट्यावर वही घेऊन बसत; एकीने पहिली ओळ धरायची, दुसरीने दुसरी, आणि संपलं की जोडून घ्यायचं. गाणी वर्तमानपत्रांतूनही छापून येत, पण वर्तमानपत्र दुपारनंतर, वाड्यातल्या पुरुषमाणसांचं झाल्यावर हाताला लागायचं.

लग्न होऊन ती साताऱ्याला आली ती बाबूजींच्या भक्ताच्या घरी. बाबांनी पगारातून पैसे साठवून रेकॉर्ड प्लेअर घेतला होता आणि त्यावर वाजवायला म्हणून मग ध्वनिमुद्रिका. रविवारी सकाळी दाढी करताना ते एक तबकडी लावत. गाणं सीतेचं असलं की स्वयंपाकघरातून आवाज येई, ‘आली तुमची धोतर नेसलेली सीता!’ बाबा आरशातून उत्तर देत, की ज्यानं चाल बांधली त्याला ती कशी गायची हे जास्त कळतं की तुमच्या वाड्याला? यावर आई बोलत नसे. ती तेच गाणं आपल्या परीने गाऊ लागे, पोळ्या लाटता लाटता. तिच्या गाण्यात ओळीचा शेवटचा स्वर जरा जास्त रेंगाळे आणि एक बारीकशी मुरकी येई, जी तबकडीत नव्हती. तिच्या गळ्यात माणिकताई मुरल्या होत्या. आम्हा भावंडांना हे गाणं एकदम दोन बाजूंनी ऐकू यायचं. बाहेरच्या खोलीत एक, आत दुसरं, मधे अर्ध्या मात्रेची फट. लोकांच्या घरी हेच गाणं एकाच आवाजात ऐकलं की मला ते अपुरं वाटे.

पुढे गाण्याच्या क्लासला घातलं. आमच्या बाईंनी यमन शिकवून झाल्यावर चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गाणं घेतलं. बाबूजींनी त्याची चाल यमन कल्याणात बांधलीय. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं : आवाज बाबूजींसारखा काढायचा नाही. हे आम्हाला फार जड गेलं, कारण आमच्यातली प्रत्येक मुलगी गळा आवळून किंचित नाकातून गायला लागली होती. बाबूजींकडून घ्यायचे ते त्यांचे उच्चार, असं बाईंचं म्हणणं. अक्षर पुरतं उच्चारल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि शब्द मोडेल अशी जागा घ्यायचीच नाही, मग ती सुरात कितीही गोड लागो. पुढे कितीतरी गायकांची गीतरामायणं ऐकली तेव्हा लक्षात आलं, की पडणारा या दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. कुणी बाबूजींचा गळा उचलतो. कुणी राग दिसला की ताना घेतो. यमन कल्याण आहे म्हटल्यावर त्यालाही मोह होणारच! पण थोरला भाऊ धाकट्याचे डोळे पुसतोय, तिथे तान घेऊन काय सांगणार?

मला जास्त राग येतो तो कडवी गाळण्याचा. भरताला समजावणारं हे गाणं लांबलचक आहे, आणि लांब आहे कारण ते युक्तिवाद आहे. आधी राम कैकेयीला आणि वडिलांना दोषातून सोडवतो. मग माणसाच्या परस्वाधीन आयुष्याबद्दल बोलतो. मग समुद्रात दोन ओंडके लाटेने जवळ येतात आणि लाटेनेच दूर जातात, हा मूळ वाल्मीकींच्या अयोध्याकांडातला दृष्टांत येतो. एवढं सगळं झाल्यावर शेवटी मुद्द्याची गोष्ट : चौदा वर्षं मी परत येणार नाही, मला आग्रह करू नकोस, अयोध्येला जा आणि राज्य सांभाळ. हल्लीच्या कार्यक्रमांत वेळ नसतो म्हणून ध्रुवपद, पहिलं कडवं, ओंडक्यांचं कडवं, संपलं. टाळ्याही पडतात. पण मग ते वेदान्ताचं सुभाषित होतं. भावाला घरी परत पाठवणारा माणूस त्यात उरत नाही. आवाज कसाही असू दे, चाल थोडी हलली तरी चालेल, पण सगळी कडवी गाणाऱ्याला मी बाबूजींच्या वारशातला मानते.

काही आवृत्त्या मात्र कडवी मोजण्याच्या पलीकडच्या. प्रभाकर जोगांनी बाबूजींना वर्षानुवर्षं व्हायोलिनची साथ केली, आणि पुढे मराठी गाणी नुसत्या व्हायोलिनवर वाजवली. त्यात शब्द ऐकू येतात असं लोक म्हणत, आणि ती अतिशयोक्ती नव्हे. जोग गज वळवायचे तो शब्द तुटतो तिथे. गीतरामायणाची भाषांतरंही झाली, हिंदी, गुजराती, कानडी, बंगाली, संस्कृत, कोंकणी, आणि त्यातली बहुतेक त्याच चालींत बसवलेली. मी कानडी ऐकलं आहे. एक अक्षर कळत नव्हतं, तरी कोणतं पात्र बोलतंय हे प्रत्येक वेळी कळत होतं. गिटार-कीबोर्डवाल्या नव्या आवृत्तीबद्दल मी फार बोलत नाही. माझा भाचा ती लावतो तेव्हा मी ऐकते. रामजन्माचं गाणं त्यात खरंच छान वाजतं, बायकांचा तो घोळकाच आहे, गलबला शोभतो. बाकीच्यात तालाने शब्दांना पुढे हाकललं आहे.

मूळ प्रसारणातली काही गाणी मला फार उशिरा ऐकायला मिळाली. आईचा मूळचा दावा तोवर नुसता ऐकीव होता. मोबाईलवर माणिकताईंची सीता लागली आणि पहिल्याच ओळीच्या शेवटी ती मुरकी आली, स्वयंपाकघरातली. पोळपाटाचा आवाज तेवढा नव्हता. मालतीबाईंची अहल्याही ऐकली. शापातून सुटलेली बाई बाईच्याच आवाजात बोलते तेव्हा त्यात एक उघडा आनंद असतो, तो बाबूजींच्या गाण्यात कृतज्ञतेकडे झुकतो. कौसल्येचंही तसंच. ललिताबाई आई होऊन गातात. बाबूजी आईबद्दल सांगतात.

आई जिंकली, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण याच सुमारास बाबांच्या कपाटातलं गीतरामायणाचं पुस्तक हाती आलं, भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५७ साली काढलेलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचलं. गाणी ऐकताना आपण असं सलग कधी जात नाही. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर बसून गातात. त्यांनी गायचं, रामाने ऐकायचं, आणि पुढचं सगळं त्यांच्या तोंडून. शेवटच्या, भैरवीतल्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना रामाच्या नगरीत जाऊन गायला सांगतात. म्हणजे शेवटचं गाणं काळाने पहिल्याच्या आधीचं. एक वर्तुळ पुरं होतं. आणि या वर्तुळात सीता कुठेच गात नाही. कौसल्या नाही, अहल्या नाही, शूर्पणखा नाही. गातात दोन मुलं. सगळ्यांचं सगळं तीच गातात, आईचं दुःखही, आणि समोर बसलेल्या बापाला ठाऊक नाही की ही कुणाची मुलं.

हे माडगूळकरांनी बांधून ठेवलेलं आहे. वाल्मीकींकडेही ते आहेच. उत्तरकांडात ते मुलांना गायकासारख्या सूचना देतात : रोज वीस सर्ग गा, धनाचा लोभ धरू नका, कुणाचे म्हणून विचारलं तर वाल्मीकींचे शिष्य एवढंच सांगा. रचणारा स्वतः गात नाही, दुसऱ्यांना शिकवून धाडतो. त्या हिशेबाने रामायणाची पहिली मैफल म्हणजेच दुसऱ्याने गायलेली आवृत्ती. आणि मग रेडिओवरचं, पात्रागणिक आवाज असलेलं, ते सुंदर नाटक हे रचनेपासून एक पाऊल दूर होतं. एकट्याने बसून सगळ्यांच्या तोंडचं गाणारे बाबूजी त्या रचनेच्या जास्त जवळ आले. त्यांच्या सीतेला धोतर होतं ते योग्यच होतं. ती सीता नव्हतीच, सीतेबद्दल गाणारा तिचा मुलगा होता. बाबूजींचं खरं नाव राम होतं, हा योगायोग मी मुद्दाम बाजूला ठेवते. पुढे त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके वडिलांची गाणी घेऊन मंचावर बसले, तो मात्र बाजूला ठेववत नाही.

हे सगळं मी उत्साहाने आईला सांगितलं. बाबा नव्हते, नाहीतर त्यांना कोण आनंद झाला असता. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं. पण लवकुश केवढे गं तेव्हा? आवाज फुटला होता का त्यांचा? बारा वर्षांच्या पोराचा आवाज बाईच्या जवळ असतो. तुझे बाबूजी गायला बसले तेव्हा चाळिशीला आले होते.’ १९१९ चा जन्म आणि १९५८ ची मैफल; गणित चोख होतं. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

आमच्या कॉलनीत रामनवमीला संध्याकाळी गाणी असतात. यंदा गायला दोन भाऊ होते, मोठा सातवीत, धाकटा पाचवीत. पेटीवर त्यांची आत्या, तंबोरा मोबाईलचा. धाकट्याचा ‘ळ’ अजून लागत नाही, तो ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या मधलं काहीतरी म्हणतो. त्यांनी अहल्येचं गायलं, मग कौसल्येचं, मग भरताला समजावणारं. दोघेही बाबूजींसारखं गात नव्हते, कारण त्यांनी बाबूजी फारसे ऐकलेले नव्हते. आत्याने शिकवलं तसं ते गात होते, आणि आत्या कुणाकडून शिकली ते तिलाही सांगता येईना. भरताच्या गाण्यात थोरला ओंडक्यांच्या कडव्यावर आला आणि तिथेच थांबून नमस्कार करू लागला. खुर्चीत बसलेल्या आईने काठी जमिनीवर आपटली. ‘अरे, भरताला घरी कोण पाठवणार?’ मुलं गोंधळली. आत्या म्हणाली, पुढचं त्यांना येत नाही हो. ‘मग मंगळवारपासून माझ्याकडे पाठव दोघांना,’ आई म्हणाली, ‘वही घेऊन. आणि वहीत तूनळीवरून उतरवून आणायचं नाही, मी सांगीन ते लिहायचं.’

मंगळवारी ते आले. बाहेरच्या खोलीत आता तिघं गातात, आणि धाकटा ओळीच्या शेवटी मुरकी घेऊ लागला आहे.