चिलापीची भावकी

बारामतीच्या जळोचीत आमच्या बोअरचे पाणी जड आहे. नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते, गिझरची कॉइल क्षारांनी झाकून जाते आणि त्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही. म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला नगरपालिकेचे, म्हणजे नीरा डाव्या कालव्यातून साठवण तलावात आलेले पाणी. बाकी सगळ्याला बोअर. नव्या घराच्या हॉलमध्ये मोठा फिशटँक करायचा ठरला तेव्हा कोणता मासा आणायचा यावर घरात चर्चा सुरू झाली. मी मात्र आधी पाणी तपासायला नेले.

शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून मिळते. लोक तिथे उसासाठी, द्राक्षबागेसाठी नमुना नेतात. मी माशांसाठी नेला. सामू ८ च्या वर, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. ठिबकच्या नळ्या चोंदणार, असे सांगणारा तो कागद. पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा सामूही साधारण ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतो. ते पाणी आमच्या बोअरइतके जड नाही, पण अल्कधर्मी आहे, आणि तिथले मासे जास्तीचा जडपणा सहज सोसतात. निवड तिथेच अर्धी झाली होती. घरच्यांना ती पटवायची बाकी होती.

टँक ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. काठोकाठ भरला तर साडेपाचशे लिटरच्या वर पाणी. काच, दगड, वाळू धरून वजन ७०० किलोच्या पुढे जाते, म्हणून तळमजल्यावर, लोखंडी अँगलच्या स्टँडवर, खाली थर्माकोल घालून तो बसवला. एवढी जागा पाहिली की प्रत्येकाला आपापला मासा दिसू लागतो. मुलाला फ्लॉवरहॉर्न हवा होता. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा निसर्गातला नाही. १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला. भरभराट आणतो म्हणून दुकानदार तो चढ्या भावाने विकतात. तो दुसऱ्या कुणाला जवळ उभे करत नाही, म्हणजे ५ फुटांत एकच मासा. माझे मन ऑस्करवर होते. तो माणूस ओळखतो, हातातून खातो. पण तो फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याच्याबरोबर सेव्हरम, सिल्व्हर डॉलर असे अंगापिंडाने मोठे सोबतीच टिकतात. बायकोला डिस्कस आवडला होता. रूपात त्याला तोड नाही, पण तो ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. त्याच्यासाठी आरओचे पाणी करायचे तर घरगुती यंत्रात एका बादलीमागे दोन-तीन बादल्या वाया जातात. तालुक्याच्या जिरायती गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, आणि आपण माशासाठी पाणी सोडून द्यायचे, हे तिलाच पटेना.

हे तिन्ही मासे सिक्लिड कुळातले, आणि मलावीचेही. भारताचेही सिक्लिड आहेत. त्यांतला एक गोव्या-कोकणात कालुंदर, केरळात करीमीन. २०१० मध्ये केरळने त्याला राज्यमासा केले. मला तो आणायचा होता, पण तो खरा रमतो खाडीच्या मचूळ पाण्यात, आणि दुकानातले बोटभर पिल्लू पुढे ताटात मावत नाही.

माझा मेहुणा भिगवणच्या मासळी बाजारात व्यापार करतो. मोबाइलवर मलावीच्या माशांचे फोटो पाहून तो म्हणाला, "दाजी, ही तर आपली चिलापी! नुसता रंग दिलाय." तो बरोबर होता. चिलापी म्हणजे तिलापिया, तीही सिक्लिडच. खूण सोपी आहे: रोहू-कटल्याला डोक्याच्या प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडला एकच. त्याने दुसऱ्या दिवशी बाजारात चिलापी हातात घेऊन पाहिली आणि फोन केला, "एकच आहे ओ."

चिलापीची भावकी म्हटल्यावर भांडणे आलीच. शेतात भावकीत बांधावरून जे होते तेच टँकमध्ये दगडावरून होते. नर एक कपार धरतो, तिथली वाळू तोंडाने उपसतो आणि शेजाऱ्याला फिरकू देत नाही. म्हणून सिक्लिड निवडताना गरीब स्वभावाचा मासा शोधून भागत नाही. कुणा एकाला सगळी जागा बळकावता येऊ नये, अशी मांडणी करावी लागते.

मलावीच्या खडकांत राहणाऱ्या माशांना म्बुना म्हणतात. दुकानात ते 'मिक्स आफ्रिकन' म्हणून एकाच टाकीत असतात. पिल्ले असताना सगळी शहाणी दिसतात. त्यांत ऑराटस आणि केन्यी असले तर पुढे तेच मालक होतात, म्हणून ते मी वगळले. यलो लॅब, रस्टी आणि असई असे तीन प्रकार घेतले. तिघेही म्बुनांत त्यातल्या त्यात सोशिक. रंग वेगळे: एक हळदीसारखा पिवळा, एक जांभळट तांबूस, एक निळसर अंगाचा नि पिवळ्या शेपटीचा. हे शोभेसाठी नव्हते. नर आपल्यासारख्या रंगाच्या नराला वैरी समजतो. असई मोकळ्या पाण्यात वर पोहतो, बाकीचे दोन दगडांत राहतात, त्यामुळे टँक वरपासून खालपर्यंत वाटला जातो. लाल झेब्रा घ्यायचा मोह होता, पण यलो लॅबशी त्याचा संकर होतो आणि पुढची पिल्ले ना इकडची ना तिकडची. प्रत्येक प्रकारात एका नरामागे तीन-चार माद्या राहतील असे पाहिले, नाहीतर एकाच मादीला पळता भुई थोडी होते. एरवी गर्दी वाईट. म्बुनांत थोडी गर्दीच बरी, कारण मार एकावर न पडता वाटला जातो. पण मग फिल्टर दांडगा हवा आणि आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायला हवे. बोअरचे पाणी वर्षभर साधारण सारख्याच तापमानाचे असते, त्यात क्लोरीनही नसते. आमच्या बोअरचा हा गुण मला माशांमुळे कळला. काढलेले पाणी नारळाला जाते.

दगड इथलाच, काळा पाषाण. तो पाण्याशी काही करत नाही. दगड आधी काचेच्या तळाशी टेकवले आणि वाळू नंतर पसरली. वाळूवर दगड रचला तर मासे खालून उकरतात आणि रास ढासळते. मासे आणण्याआधी टँक महिनाभराहून जास्त चालवून ठेवला. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला तेवढा वेळ लागतो. सामू जास्त असला की अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून आमच्यासारख्या पाण्यात घाई जास्त महागात पडते. मासे सोडताना सोशिक यलो लॅब आधी, बाकीचे नंतर.

सोबतीला दुकानदार 'शार्क' देऊ करत होता. तो पंगस, तीन-चार फूट वाढणारा, कोणत्याही हॉलमध्ये न मावणारा. साधा सकरही फूटभर होतो. मी सायनोडॉन्टिस मांजरमासे घेतले. तेही आफ्रिकेचे, याच पाण्याचे, दिवसा कपारीत नि रात्री बाहेर. त्यांतली एक ठिपकेदार जात टांगानिका सरोवरात आपली अंडी सिक्लिडच्या अंड्यांत मिसळते. अंडी तोंडात सांभाळणारी सिक्लिड मादी ती नकळत तोंडात घेते आणि आतल्या आत परकी पिल्ले तिची अंडी खातात. ती जात मी मुद्दाम टाळली.

सोबती जमवताना खाणे कुणी विचारत नाही, पण माझ्या मते तेच पहिले विचारावे. बहुतेक म्बुनांचे मुख्य खाणे दगडावरचे शेवाळ, त्यांचे आतडे लांब. ऑस्करला लागते ते मांसाहारी खाणे त्यांना रोज मिळाले तर पोट फुगून मरू शकतात. पाणी जुळले तरी पंगत जुळत नाही. मेहुणा एकदा कौतुकाने बारीक कोळंबी घेऊन आला. मी म्हटले, "राहू दे, हे माळकरी आहेत." त्यांना स्पिरुलिनाच्या गोळ्या, उकडलेला पालक आणि सोललेला मटार. कोळंबी आम्ही खाल्ली.

पुढे एक यलो लॅब मादी खायची थांबली, हनुवटी फुगली. मुलगा घाबरला. मेहुण्याने लांबूनच ओळखले, "चिलापी असंच करते. तोंडात पोरं आहेत." साधारण तीन आठवडे ती पिल्ले तोंडात सांभाळते, तेवढे दिवस जवळपास उपाशी राहते.

याच गुणामुळे चिलापी आज भीमेवरच्या उजनी धरणात मुख्य मासा झाली आहे. १९५२ मध्ये ती मत्स्यशेतीसाठी भारतात आणली गेली. वर्षातून अनेकदा वीण, आणि पिल्ले आईच्या तोंडात सुरक्षित. भीमेतले जुने मासे मागे पडले. भिगवणच्या अनेक घरांची चूल तिच्यावर चालते हे खरे, पण मेहुण्याच्या वडिलांच्या तोंडी असलेली कितीतरी माशांची नावे आता बाजारात ऐकू येत नाहीत.

म्हणून सांगणे एवढेच. टँक मोठा घ्या, पण मासे आपल्या पाण्याला, त्यांच्या खाण्याला आणि पूर्ण वाढीला पाहून घ्या. आणि कधी टँक आवरायची वेळ आली, मासा फार मोठा झाला किंवा पिल्ले भारंभार झाली, तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या छंदिष्टाला द्या. कालव्यात, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका. आपले सगळे पाणी शेवटी भीमेलाच मिळते.